नानांच्या टीव्हीवरची घरं

नानांनी मला आयुष्यात दोन धक्के दिले, आणि ते दोन्ही एकाच दुपारी, एकापाठोपाठ एक. त्यातून मी अजून पुरती सावरलेली नाही. नानांचं नाव निघालं की आधी हसू येतं, कारण माणूस होताच तसा विक्षिप्त. मग ती दुपार आठवते आणि हसू जागच्या जागी थांबतं.

नाना जाऊन आता वर्ष होत आलं. जळगावच्या आमच्या कॉलनीत त्यांच्याबद्दल जे बोललं जातं ते अर्धंच आहे. उरलेलं अर्धं मला माहीत आहे, आणि आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना. आप्पांना विचारूनच मी हे लिहायला बसले आहे.

नाना आमच्या नात्यातले कोणी नव्हते. आमच्या घरासमोर, रस्त्यापलीकडे त्यांचं बैठं घर. सगळी नोकरी भुसावळला, रेल्वेच्या कंट्रोल ऑफिसात झाली. एका खोलीत बसून, कानाला फोन लावून, कुठली गाडी आता कुठे आहे, कोणती मालगाडी बाजूला उभी करायची, कोणत्या एक्स्प्रेसला पुढे सोडायचं, हे सांगत राहायचं काम. निवृत्त झाल्यावर रेल्वेचं क्वार्टर सोडून ते जळगावला आले ते एकटेच. मूलबाळ नव्हतं. बायको भुसावळलाच वारली होती. ती बरीच वर्षं अंथरुणाला खिळून होती आणि नानांनी तिचं सगळं स्वतःच्या हाताने केलं, ही गोष्ट त्यांच्या आधीच कॉलनीत येऊन पोचली होती. नवऱ्याला टोमणा मारायचा झाला की आमच्याकडच्या बायका नानांचं उदाहरण द्यायच्या. नाना समोर असले तर ते उठून आत जायचे. आम्हाला वाटायचं, माणूस किती साधा आहे, कौतुकही सहन होत नाही.

कॅमेऱ्यांचं वेड त्यांच्या स्वतःच्या घरापासून सुरू झालं. अंगणातलं तांब्याचं घंगाळ कोणीतरी उचलून नेलं, म्हणून फाटकावर एक कॅमेरा बसवला. मग मागच्या दाराला एक. मग गच्चीवर, पाण्याच्या टाकीपाशी एक, जिथे कबुतरांशिवाय कोणी जात नव्हतं. ही सगळी चित्रं टीव्हीवर एकाच वेळी दिसू लागली आणि नाना तासन्‌तास समोर बसू लागले. आप्पा म्हणाले, याला याची खोली परत मिळाली.

आमची कॉलनी म्हाताऱ्यांची. मुलं पुण्याला, सुरतला, काही परदेशात. त्यांनी सुट्टीत येऊन आईवडिलांच्या घरात कॅमेरे लावले, मोबाइलवर चित्र आणलं, आणि परत गेल्यावर आठवण झाली तर बघायचं असं सुरू झालं. शेवटच्या गल्लीत एक विधवा बाई राहायच्या, त्यांना सगळे अक्का म्हणत. अक्कांच्या सुरतच्या मुलाने नानांना सहज म्हटलं, की तुम्ही नाहीतरी दिवसभर बसलेलेच असता, आमच्या आईकडेही जरा बघत जा. नानांनी ते मनावर घेतलं. कॅमेरे विकणाऱ्या दुकानदाराला बोलावून अक्कांचं घर आपल्या टीव्हीवर आणलं. हे कळल्यावर दुसऱ्याने सांगितलं, मग तिसऱ्याने. मोठा टीव्ही आला. त्यावर चौकोन पडले आणि एकेका चौकोनात एकेक घर येऊन बसलं. टीव्हीखाली एक काळा डबा होता, त्यात सगळं रेकॉर्ड व्हायचं. नवीन भरत गेलं की जुनं आपोआप पुसलं जायचं.

नाना या कामाला ड्यूटी म्हणायचे, आणि तसेच वागायचे. सकाळी अंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून, गळ्यापर्यंत बटणं लावून खुर्चीत. मे महिन्यात जळगावात अंगावर बनियनही नको वाटतो, पण नाना बटण काढत नसत. खुर्ची लाकडी, ताठ पाठीची, कारण गादीच्या खुर्चीत डुलकी लागते. घरांना त्यांनी स्टेशनांसारखं लावून टाकलं होतं. कॉलनीच्या तोंडाशी असलेलं घर आउटर, म्हणजे स्टेशनाबाहेरचा पहिला सिग्नल. जिथे माणसांची सारखी ये-जा असायची ते जंक्शन. अक्कांचं घर टर्मिनस, कारण अक्का कुठेच जायच्या नाहीत.

त्यांच्याकडे कोणी गेलं तर ते बोलायचे, हसायचे, चहाही द्यायचे, पण नजर टीव्हीवर. कप तुमच्या हातात बरोबर यायचा, चेहरा मात्र तुमच्याकडे वळायचा नाही. त्यांना बाथरूमला जायचं असलं तर समोर बसलेल्याला ते म्हणायचे, चार्ज घे. तुम्ही नुसती मान हलवलीत तर ते उठायचे नाहीत. मोठ्याने ‘चार्ज घेतला’ म्हणावं लागायचं. परत आल्यावर विचारायचे, काय काय झालं? काही नाही, असं उत्तर त्यांना चालत नसे. जंक्शनवर दूधवाला आला, आउटरचे काका खुर्चीत झोपले, असं नीट सांगावं लागे.

त्यांचे नियमही होते. आवाज बंद. ते म्हणायचे, आवाज चालू केला की माणूस बघत नाही, ऐकत बसतो. एखाद्या घरात भांडण सुरू झालेलं दिसलं की ते खिशातला रुमाल काढून टीव्हीच्या वरच्या कडेला अडकवायचे आणि तो चौकोन झाकायचे. कोणाची सून माहेराहून आलेली असली, केस वाळवत असली, तरी रुमाल. दिवाळीत सगळ्यांचे पाहुणे एकदम आले तेव्हा टीव्हीभर रुमाल लटकत होते आणि नाना त्या रुमालांसमोर ताठ बसले होते. ते दृश्य आठवून मी अजून हसते.

अक्कांचं दूध उतू जाताना त्यांनी एकदा फोन केला. अक्का भडकल्या. माझ्या दुधाकडे बघायला तुम्हाला कोणी ठेवलंय, असं त्यांनी ऐकवलं. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी सकाळी उठल्या उठल्या कॅमेऱ्याला हात केला. पुढे ती पद्धतच पडली. कॉलनीतली म्हातारी माणसं सकाळी कॅमेऱ्याला हात दाखवायची आणि नाना आपल्या खुर्चीतून त्यांना परत हात दाखवायचे, जो त्यांना दिसायचा नाही. अक्का तर लाडू वळले की ताट आधी कॅमेऱ्यासमोर धरायच्या.

एकदा त्यांनी भर दुपारी चोर पकडला. आउटरच्या घराच्या मागच्या भिंतीवरून एक माणूस आत उतरताना दिसला. नानांनी फोनाफोनी केली, भाजीवाल्यासकट निम्मी कॉलनी धावली आणि त्याला पाठमोरा धरून चांगला बदडला. तो त्या घरचाच मुलगा निघाला. आईवडिलांना न कळवता पुण्याहून आला होता, बेल बिघडलेली होती. नानांनी त्याची माफी मागितली नाही. फाटकातून यायचं, एवढंच म्हणाले.

पण याच माणसाने आउटरच्या काकांना वाचवलं हेही खरं. काका अंघोळीला जाताना दारातच कोसळले, घरात दुसरं कोणी नव्हतं, आणि नाना चप्पल न घालता तापलेल्या रस्त्यावरून धावत गेले. डॉक्टर म्हणाले, अजून उशीर झाला असता तर काही करता आलं नसतं. त्यानंतर नानांना कोणी हसेनासं झालं.

माझी आई अंथरुणाला खिळली ती त्याच सुमारास. आधी लकवा झाला, उजवी बाजू गेली. मग हळूहळू माणसं ओळखेनाशी झाली. मी एकुलती एक, नोकरी आणि संसार धुळ्याला. आप्पा पोस्टातून निवृत्त झालेले. आवाज न चढवणारा माणूस. लहानपणी मी शाई सांडली, काच फोडली, आप्पांनी कधी बोट लावलं नाही. आईशी ते शेवटपर्यंत अहो-जाहो बोलायचे, त्यावरून सगळे त्यांची चेष्टा करायचे. आईचं सगळं मीच करणार, बाहेरची बाई नको, असं त्यांनी ठरवून टाकलं. तिला भरवणं, पुसणं, कूस बदलणं, कपडे बदलणं. मी शनिवार-रविवार जायची तेव्हा घर लख्ख असायचं आणि आईची वेणी घातलेली असायची. नानांनंतर आता आप्पा, असं लोक म्हणू लागले.

आई पलंगावरून घसरायची, म्हणून मी त्या खोलीत कॅमेरा लावला आणि नानांना सांगितलं. आप्पांना ते आवडलं नव्हतं. काही दिवसांनी ते कॅमेऱ्याबद्दल बोलेनासे झाले. मी कधीतरी ऑफिसातून मोबाइलवर बघायची. आई झोपलेली, आप्पा खुर्चीत पेपर वाचताहेत. बरं वाटायचं. नाना रोज संध्याकाळी एक फोन करायचे. नाना आणि आप्पा दोघेही मूळचे पारोळ्याकडचे, एकमेकांत अहिराणीच बोलायचे, आणि फोनवर माझ्याशीही तेवढं एक वाक्य नाना अहिराणीत म्हणायचे, ‘बठ्ठं ठीक शे.’ सगळं ठीक आहे, एवढंच, आणि फोन ठेवून द्यायचे.

त्या दिवशी फोन सकाळीच आला. नाना शुद्ध मराठीत बोलले तेव्हाच मी हातातलं काम बाजूला ठेवलं. ते म्हणाले, ‘तू ये. पण आधी माझ्याकडे ये, घरी नंतर.’ मी विचारलं, आई आहे ना? ते म्हणाले, आहे, जेवली, तू ये. मी मिळेल ती एसटी पकडली. पारोळा गेलं, एरंडोल गेलं, आणि सगळ्या रस्त्यात मी एकच धरून बसले होते की आई गेली आहे आणि हे मला फोनवर सांगत नाहीत.

नानांच्या घरात शिरले तर टीव्ही बंद. मी तो बंद कधीच पाहिला नव्हता. नानांच्या शर्टाचं वरचं बटण उघडं होतं. त्यांनी मला पाणी दिलं, समोर बसवलं, आणि पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघून विचारलं, बघायचं आहे, की मी नुसतं सांगू? काय ते मला माहीत नव्हतं. मी म्हटलं, बघते.

त्यांनी टीव्ही लावला आणि आमचं एकच घर मोठं केलं. रेकॉर्डिंग होतं. दुपारची वेळ. आई पलंगाला टेकून बसलेली, आप्पा वाटीतून खिचडी भरवताहेत. आईने घास थुंकला. आप्पांनी तोंड पुसलं, पुन्हा भरवला. तिने पुन्हा थुंकला, या वेळी त्यांच्या अंगावर. आप्पांनी वाटी खाली ठेवली. सावकाश, न सांडता. आणि आईच्या थोबाडीत मारली. मग पुन्हा मारली. मग दंडावर, पाठीवर. आईचा चालणारा डावा हात तोंडापुढे आला तर तो बाजूला धरून मारलं. तिची वेणी ओढून डोकं मागे नेलं आणि चमचा तोंडात घातला. आवाज काहीच नव्हता. नानांच्या खोलीतल्या कूलरची घरघर तेवढी ऐकू येत होती.

मग आप्पा खुर्चीत बसले. थोड्या वेळाने उठले, ओला रुमाल आणून आईचं तोंड पुसलं, सुटलेली वेणी सोडून परत घातली.

मी म्हटलं, हे आप्पा नाहीत. मी खरंच तसं म्हटलं, जणू दुसरा कोणी त्यांचा शर्ट घालून आमच्या घरात शिरला होता. नानांनी आणखी एका दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं. मी ते पुरतं बघितलं नाही.

पहिला राग नानांचाच आला. मी विचारलं, तुम्ही हे कधीपासून बघताय? ते म्हणाले, बरेच दिवस. पहिल्यांदा वाटलं, एकदा झालं, माणूस थकतो. दुसऱ्यांदा दही मागायचं निमित्त करून घरी जाऊन आलो, तर आप्पा हसून बोलले. मग परत झालं. मी ओरडले असेन. आउटरच्या काकांसाठी अनवाणी धावलात, माझ्या आईसाठी रस्ता ओलांडवला नाही?

नाना म्हणाले, ‘मी उठलो होतो. दारापर्यंत गेलो. आप्पांना काय सांगणार होतो मी? मीही मारलंय, बेटा. माझ्या बायकोला.’

मला आधी कळलंच नाही. ते सांगत गेले. भुसावळच्या क्वार्टरमध्ये, कंट्रोलची ड्यूटी करून घरी यायचं आणि ती तेच तेच विचारायची, कोण आलंय, कोण आलंय. तिला उठता येत नव्हतं. पहिल्यांदा हात उचलला तेव्हा नंतर तिच्या पायाशी बसून रडले. पुढे रडणंही बंद झालं. एकदा बांगडी फुटून मनगटात गेली, तर डॉक्टरांना सांगितलं की पलंगाच्या कडेला लागलं. ती काही सांगू शकत नव्हती आणि बघणारं कोणी नव्हतं. बाहेर लोक म्हणायचे, नवरा असावा तर असा. ‘त्या चौकोनात मला आप्पा दिसत नव्हते,’ ते म्हणाले, ‘मीच दिसत होतो. माझे पाय उचलले गेले नाहीत.’

मी उठून खुर्ची मागे सरकवली. मला त्यांच्यापासून लांब व्हायचं होतं. समोर बसलेल्या माणसाची मला किळस आली, आणि त्या क्षणी माझ्या मदतीला तोच एक माणूस होता. दोन्ही एकदमच होतं. मी त्यांना धीर दिला नाही. त्यांनीही मागितला नाही. त्यांनी एवढंच सांगितलं की घरी जाऊन आरडाओरडा करू नकोस, नाहीतर तो लपवायला शिकेल. त्याच्या हातातली वाटी काढून घे.

मी रस्ता ओलांडला. आप्पांनी दार उघडलं आणि अचानक कशी आलीस म्हणून त्यांचा चेहरा फुलला. उन्हातून आलीस, आधी सरबत घे, म्हणाले. मी आईजवळ जाऊन बसले. दंडावर हिरवटसर डाग होते. पलंगाचा कठडा लागतो त्यांना, आप्पा मागून म्हणाले. मी त्यांच्या हातांकडे बघत होते. याच हातांनी मला अक्षर वळवायला शिकवलं होतं. नानांचं म्हणणं पाळायचं मी ठरवलं होतं, पण तोंडून निघूनच गेलं, ‘आप्पा, मी बघितलं.’

आप्पांनी कॅमेऱ्याकडे बघितलं. नाकारलं नाही. सरबताचा ग्लास हातात घेऊनच ते खाली जमिनीवर बसले. मग म्हणाले, ‘नाना समोरून बघतो हे मला माहीत होतं. रोज वाटायचं, आज कोणीतरी येईल.’

नंतर मी नानांना हे शब्द सांगितले तेव्हा ते भिंतीला धरून उभे राहिले.

मी रजा काढली. वरणगावकडची एक मावशी दिवसभरासाठी ठेवली, दणकट आणि बोलकी, तिने आल्या दिवशीच आप्पांना खोलीबाहेर काढलं. रविवारी ती घरी जायची, आणि त्या दिवशी दुपारच्या जेवणाला नाना यायचे. शेजारच्या कोणालातरी टीव्हीचा चार्ज देऊन ते रस्ता ओलांडायचे आणि आईला भरवायचे. आई त्यांच्याही अंगावर थुंकायची. ते वाटी खाली ठेवून हात मागे बांधायचे, खिडकीपर्यंत जाऊन परत यायचे, आणि मग पुढचा घास. त्या वेळी आप्पा बाहेर, दारापुढच्या ओट्यावर बसलेले असायचे. नाना आत भरवताहेत आणि मी दारात उभी राहून त्यांच्या हातांवर नजर ठेवतेय, असे कितीतरी रविवार गेले. त्यांना माझी नजर कळत होती.

पुढच्या हिवाळ्यात आई झोपेतच गेली.

तेराव्याला, आमच्याकडे गंधमुक्ती म्हणतात त्या दिवशी, दारात मांडव होता. जेवणाआधी लोक उठून दोन शब्द बोलतात तशी पद्धत आहे. कॉलनीतले एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले आणि आप्पांच्या सेवेबद्दल बोलू लागले. ते भरभरून बोलत होते. पत्नीची अशी सेवा या काळात बघायला मिळणं दुर्मीळ, आपल्या कॉलनीचं भाग्य की इथे एक नाना आहेत आणि एक आप्पा आहेत. मी आप्पांकडे बघितलं. ते पांढरेफटक पडले होते आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून बसले होते.

नाना उठले. त्यांनी बोलणाऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला थांबवलं.

‘माझं नाव घेतलं म्हणून बोलतो,’ ते म्हणाले. ‘मी माझ्या बायकोला मारत होतो. ती आजारी होती, तिला उठता येत नव्हतं, तेव्हा. माझं उदाहरण यापुढे कोणी देऊ नका.’

आणि ते खाली बसले. मागे आचाऱ्याची कढई खरवडल्याचा आवाज येत होता. मग नानांच्या शेजारी बसलेला माणूस जरासा सरकला. त्याच्या पलीकडचाही सरकला. मला वाटलं, आता आप्पा उठतील. आप्पा उठले नाहीत. मान खाली घालून बसून राहिले. त्या दिवशी नाना न जेवता घरी गेले.

त्यानंतर नानांच्या टीव्हीवरची घरं जाऊ लागली. सगळ्यात आधी अक्कांचं गेलं. अशा माणसाच्या डोळ्यांसमोर मी वावरू कशाला, असं त्यांनी मुलाला सांगितलं, आणि त्यांचं काही चुकलं असं मला म्हणता येत नाही. मग आउटर गेलं, ज्या घरातल्या माणसाचा जीव नानांनी वाचवला होता. मग जंक्शन. दुकानदार एकेक घर काढत गेला. एकेक चौकोन काळा झाला. नाना तसेच, इस्त्रीचा शर्ट घालून त्या काळ्या चौकोनांसमोर बसायचे, आणि स्वतःच्या फाटकाकडे नि टाकीवरच्या कबुतरांकडे बघायचे.

मी एकदा त्यांना विचारलं की हे चारचौघांत सांगायची काय गरज होती. ते म्हणाले, आप्पांचा चेहरा बघितला नाहीस का, अजून थोडं कौतुक झालं असतं तर तो माणूस तिथेच गेला असता. मग म्हणाले, आणि माझं सांगायचं राहूनच गेलं होतं.

आमच्या घराचा चौकोन आई गेली त्याच दिवशी नानांनी स्वतःच बंद केला होता. आता पेशंट नाही, आता बघायचं कारण नाही, असं त्यांचं म्हणणं. अशातच एकदा मी आप्पांना धुळ्याला घेऊन जायला आले होते. बॅग भरली होती. आप्पा येत नव्हते. कारण सांगत नव्हते, नुसतं नाही म्हणत होते. माझा आवाज चढला तशी त्यांनी चपला घातल्या आणि रस्त्यावर आले. संध्याकाळची वेळ होती, लोक आपापल्या ओट्यांवर बसले होते, आणि नानांच्या फाटकाकडे त्या दिवसांत कोणी फिरकत नव्हतं. सगळ्यांच्या देखत आप्पांनी ते फाटक उघडलं. मी मागोमाग गेले.

नाना खुर्चीत होते. आप्पा त्यांच्यासमोर उभे राहिले आणि म्हणाले, ‘मन्हं घर चालू कर, नाना.’

तिथे आता बघायचं कोणाला, हे नानांना कळेना. ते म्हणाले, ‘तठे आते कोण शे?’

‘मी शे ना,’ आप्पा म्हणाले.

नानांनी टीव्हीवरची नजर काढून त्यांच्याकडे बघितलं. मग त्यांनी रिमोट घेतला, चष्मा वर करून बटणं शोधली, आणि काळ्या चौकोनांमध्ये एका जागी आमची खोली उजळली. आप्पांनी ती दिसल्याची खात्री करून घेतली आणि ते परत निघाले. मी तिथेच थांबले. थोड्या वेळाने त्या चौकोनात आप्पा आले, रिकाम्या पलंगाशेजारच्या खुर्चीत बसले, आणि दोन्ही हात कॅमेऱ्यात दिसतील असे समोर मांडीवर ठेवले. नाना पुढे वाकून बघत होते.